खिडकीला सावलीची झडप

आम्ही वालूरच्या बचत गटातल्या शिलाई करणाऱ्या बाया. आज आम्ही कपड्याबद्दल नाही, सावलीबद्दल बोलणार आहोत.

आमची शिलाईची खोली पत्र्याची, आणि तिची एकुलती एक खिडकी मावळतीला. मे महिन्यात शाळेच्या गणवेशांचं काम येतं आणि नेमकं तेव्हाच परभणी जिल्ह्यात ऊन चाळिशीच्या पुढं जातं. खिडकी उघडी ठेवली की ऊन थेट मशीनवर, बंद केली की अंधार आणि घुसमट. दुपारी दोन ते पाच काम बंद. म्हणजे मजुरीही बंद.

आधी आम्ही आतून पडदा लावला. पण ऊन आत आल्यावर पडदाच तापतो आणि ती धग खोलीतच राहते. ऊन बाहेरच अडवायला हवं. मग बाहेर तट्ट्या बांधला. अवकाळीच्या वाऱ्यात तो उडाला आणि अंगणात खेळणाऱ्या लेकराच्या अगदी जवळ पडला. त्या दिवशी ठरवलं, सावली हवी, पण वारा सुटला की घडी घालता यायला हवी.

आता ती कशी केली ते सांगतो. खिडकी तीन फूट रुंद, चार फूट उंच. तिच्या वर सहा इंचांवर एक आडवी नळी भिंतीला पक्की केली. त्या नळीपासून अडीच फूट खाली, खिडकीच्या दोन्ही बाजूंना एकेक बिजागरी. बिजागऱ्यांवर अर्ध्या इंची पाइपाची तीन बाजूंची चौकट: अडीच फुटांचे दोन हात आणि पुढं आडवी दांडी. वरची नळी आणि पुढची दांडी यांच्यामध्ये फिक्या रंगाचं जाड कापड. हात आडवे झाले की कापड तिरपं ताणलं जातं, म्हणून त्याची लांबी साडेतीन फूट, शिवणीला वेगळं. दांडीखाली एक फुटाची झालर सोडली. मावळतीचं ऊन खालून येतं, ते झालरीनं पाचपर्यंत अडतं.

दोरी दांडीच्या मधोमध बांधली, वरच्या नळीजवळच्या कडीतून ओवली आणि गजांतून आत घेतली. आत बसल्या जागी ओढली की हात वर उठतात, कापडाची घडी पडते. दोरी गुंडाळायचा हूक मात्र लेकरांचा हात पोचणार नाही इतका उंच ठेवा.

एक चूक आमच्याकडून झाली, ती तुम्ही करू नका. चौकट भिंतीला अगदी चिकटली की दोरी सोडली तरी खाली येईना. मग भिंतीला चार बोटं जाडीचा लाकडी ठोकळा ठोकला. आता चौकट थोडी पुढं झुकून राहते आणि दोरी सैल केली की आपल्या वजनानं उतरते.

माळवदाच्या घरात मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही. तिथं खिडकीच्या लाकडी चौकटीला दोन उभ्या पट्ट्या ठोका आणि नळी, बिजागऱ्या त्यांवर बसवा. वेल्डिंग गावातच होतं, कापड तर आपणच शिवतो. वावटळ दिसली की आधी दोरी ओढा, मग वाळवण गोळा करा. कापड भिजलं असेल तर वाळवूनच घडी घाला, नाहीतर कुजतं.

आपल्या गावच्या बारवेत चक्राकार पायऱ्या उतरत गेलं की उन्हाची धग मागं राहते. जुन्या लोकांनी सावली बांधून ठेवली होती. आपण पत्र्याची घरं बांधली आणि ती विसरलो.

आता आमची मशीन दुपारीही चालते. खिडकी उघडी, उजेड आत, ऊन बाहेर. तुमच्या घरात मावळतीच्या खोलीत बाळंतीण असेल, म्हातारं माणूस असेल, तर आधी तिथं ही झडप लावा. बघायची असेल तर आमच्याकडं या. दोरी स्वतः ओढून बघा, मगच माप घ्या.