खेळातील पूर्वकथा : गुण आणि दोष



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळास आठ्या पडल्या असतील. मुलांच्या हाती दिसणाऱ्या व्हिडिओ गेमविषयी एका सेवानिवृत्त शाळामास्तराने आकाशवाणीवरून बोलावे, हे थोडे विपरीत वाटण्यासारखे आहे खरे. परंतु ज्या वस्तूपुढे आपली मुले तासन्‌तास बसतात, तिच्यात घेण्याजोगे काय आहे आणि टाकण्याजोगे काय आहे, हे पाहणे वडीलधाऱ्यांचे कर्तव्यच नव्हे काय? नाटक, कादंबरी आणि सिनेमा यांचे गुणदोष आपण घरोघर चर्चितो. मग खेळाच्या रूपाने सांगितलेल्या कथेला तेवढी तीच परीक्षा का लावू नये? म्हणून आज एकच खेळ उदाहरणादाखल घेऊन मी आपल्यापुढे बोलणार आहे.

त्या खेळाचे नाव ‘क्रायसिस कोअर : फायनल फँटसी सेव्हन’. जपानातील स्क्वेअर एनिक्स या कंपनीने तो 2007 सालच्या सप्टेंबरात प्रसिद्ध केला. तो सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन पोर्टेबल या यंत्रासाठी होता. हे यंत्र दोन्ही हातांत धरून खेळावयाचे असून त्याचा पडदा अवघा सव्वाचार इंचांचा होता, आणि सारा खेळ सहा सेंटिमीटर व्यासाच्या एका तबकडीत मावलेला होता. पुढे 2022 सालच्या डिसेंबरात ‘रियुनियन’ या नावाने त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली व ती निंटेंडो स्विचसारख्या नव्या यंत्रांवरही आली. यात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, त्या पात्राचे बळ हळूहळू वाढवितो आणि लढाई मात्र बुद्धिबळासारखी पाळीपाळीने न खेळता धावत्या वेळात खेळतो.

या खेळाचा विशेष असा की, ही पूर्वकथा आहे. मूळ ‘फायनल फँटसी सेव्हन’ हा खेळ 1997 साली निघाला. त्याचा नायक क्लाउड हा तरुण पाठीवर एक प्रचंड तलवार घेऊन हिंडतो. ती तलवार मूळची त्याची नव्हे. ती झॅक नावाच्या त्याच्या मित्राची, आणि तो मित्र कथा सुरू होण्यापूर्वीच मरण पावलेला आहे. मूळ खेळात झॅकच्या मृत्यूची हकीकत अगदी थोडक्यात, एखाद्या आडबाजूच्या खोलीत ठेवून द्यावी तशी येते. दहा वर्षांनंतर निघालेल्या या पूर्वकथेने त्याच झॅकला नायक केले. अर्थात खेळ हाती घेणाऱ्या बहुतेकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते की, आपण ज्याला चालवीत आहोत तो शेवटी मरणार.

येथे कोणी विचारील, शेवट ठाऊक असल्यावर गोडी ती काय राहिली? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जपानला जाण्याचे कारण नाही. ते आमच्या गोंदिया जिल्ह्यातच सापडते. मंडईच्या दिवसांत आमच्या झाडीपट्टीत रात्ररात्र दंडारी आणि नाटके चालतात. हरिश्चंद्राचे पुढे काय होणार हे समोर घोंगडी पांघरून बसलेल्या पोरासही ठाऊक असते, तरी पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. आणि याहून थोर साक्ष आमगावाजवळच्या पद्मपूरची आहे. महाकवी भवभूतीचे जन्मग्राम ते हेच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. रामकथेसारखी सर्वांना मुखोद्गत असलेली कथा घेऊन आठव्या शतकातील या कवीने दोन नाटके रचिली : रामाच्या पूर्वायुष्याचे ‘महावीरचरित’ आणि उत्तरायुष्याचे ‘उत्तररामचरित’. पूर्वकथा कशाने उजळते आणि कशाने बिघडते हे समजण्यास ही दोन नाटके फार उपयोगी आहेत.

‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात. ती दोघे त्या आठवणींत रमतात, सीता थकून रामाच्या बाहूवर निजते, आणि त्याच अंकात लोकापवादाची वार्ता येऊन तिच्या त्यागाचा निश्चय होतो. पुढील वियोग प्रेक्षकाला ठाऊक आहे, चित्रे पाहणाऱ्या जोडप्याला नाही. या अंतरातूनच करुणरस पाझरतो. ‘क्रायसिस कोअर’चे पहिले बळ हेच आहे. झॅक हसतमुख, उतावळा, थोडासा पोरकट असा शिपाई आहे. शिनरा नावाच्या बलाढ्य वीजकंपनीच्या फौजेत तो नोकरीस आहे, आणि आपण शूरवीर व्हावे एवढीच त्याची आकांक्षा आहे. एरिथ नावाच्या मुलीशी त्याचा स्नेह जमतो आणि तिने मिडगार नगरात फुले विकावी म्हणून तो तिला गाडी बनवून देतो. हे प्रसंग स्वतः लहान आहेत. परंतु पुढचे ठाऊक असल्यामुळे त्यांतील प्रत्येक हसू काळजाला लागते. त्याचप्रमाणे मूळ खेळात वैरी म्हणून भेटलेला सेफिरॉथ येथे आधी एक अबोल पण सज्जन सहकारी म्हणून भेटतो. मनुष्य बिघडण्यापूर्वी कसा होता हे दाखविणे, हे पूर्वकथेचे एक मोठे कार्य आहे.

दुसरे बळ मात्र केवळ खेळाचेच आहे; ते नाटकाला लाभत नाही. या खेळाच्या लढाईत पडद्याच्या कोपऱ्यात तीन चक्रे सतत फिरत असतात. त्यांवर झॅकच्या सोबत्यांची चित्रे आणि काही आकडे असतात. एकाच व्यक्तीची तीन चित्रे जुळली म्हणजे तिच्या आठवणीने झॅकला विशेष शक्ती प्राप्त होते. आता शेवट पाहा. सुमारे चार वर्षे प्रयोगशाळेत बंदी असलेला झॅक आजारी क्लाउडला घेऊन पळाला आहे. एरिथचे एकोणनव्वदावे आणि अखेरचे पत्र त्याने वाचले आहे. ती ज्या नगरात आहे ते नगर समोर दिसत आहे, आणि मध्ये सारी फौज उभी आहे. खेळणारा लढू लागतो. चक्रे फिरतात, अडखळतात, त्यांवरील चेहरे पुसट होत एकेक करून नाहीसे होतात. एक अक्षरही न बोलता खेळ सांगतो की, या माणसाची स्मृती आता मावळत आहे.

माझा नातू सुट्टीत हा खेळ खेळत असता मी त्याच्याजवळ बसून तो शेवट पाहिला. मुलगा घामाघूम होऊन बटणे दाबीत होता. मी विचारले, “अरे, हा मरणार हे तुला ठाऊक आहे ना?” तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, “आहे हो आबा. पण मी थांबलो तर तो लढला नाही असं होईल.” चाळीस मुलांच्या वर्गात निष्काम कर्माचा पाठ मी कैक वेळा शिकविला, त्यावर इतके नेमके भाष्य माझ्या ऐकण्यात आले नव्हते.

आता दोष सांगितले पाहिजेत, कारण ते लहान नाहीत.

पहिला दोष या चक्रांचाच आहे. शेवटी जी युक्ती इतकी हृद्य ठरते, तीच इतर वेळी खेळणाऱ्याच्या हातून कर्तृत्व काढून घेते. मोठा प्रहार केव्हा साधावा हे 2007 च्या आवृत्तीत चक्रे ठरवीत, आणि नायकाची पातळी वाढणे देखील सातांच्या जुळणीवर अवलंबून दिसे. यात पैसा लागत नाही, म्हणून याला जुगार म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु उद्योगाचे फळ फिरत्या चक्राच्या हाती देणे मला शिक्षक या नात्याने रुचत नाही. 2022 च्या आवृत्तीत जुळलेला प्रहार राखून ठेवून आपल्या इच्छेस येईल तेव्हा करता येतो, ही सुधारणा योग्य झाली.

दुसरा दोष पुनरुक्तीचा. मुख्य कथेखेरीज यात तीनशे लहान कामगिऱ्या आहेत. प्रवासात, दोन स्टेशनांच्या मध्ये एखादी उरकावी या सोयीने त्या रचिल्या आहेत, व हाती धरण्याच्या यंत्रास ती सोय शोभते. परंतु तीच गुहा, तेच मैदान, तेच शत्रू पुन्हा पुन्हा आल्यावर कामगिरी राहत नाही, पाढे म्हणणे होते. शिवाय कथेत घाईचा प्रसंग असता नायक शंभर किरकोळ कामे करीत बसतो, तेणेकरून रसभंग होतो.

तिसरा दोष सर्वांत गंभीर, आणि तो समजण्यास पुन्हा भवभूतीकडे वळले पाहिजे. ‘महावीरचरिता’त त्याने रामाच्या साऱ्या विपत्तींमागे रावणाचा मंत्री माल्यवान याचे कारस्थान कल्पिले आहे. शूर्पणखा मंथरेचे रूप घेऊन येते आणि वनवास घडवून आणते. यामुळे कथानकाला एकसूत्रीपणा आला व कैकेयीवरील कलंकही पुसला गेला. परंतु त्याबरोबर एका राणीच्या मनातील मत्सर, भय आणि पुत्रमोह यांचे नाट्यही पुसले गेले. ‘क्रायसिस कोअर’ने नेमके हेच केले आहे. मूळ कथेत सेफिरॉथ एकटाच तळघरातील ग्रंथ वाचीत बसतो, आपल्या जन्माचे रहस्य ताडतो, आणि स्वतःच्याच विचारांच्या आगीत जळून निबेलहाइम गाव पेटवितो. पूर्वकथेत जेनेसिस नावाचे एक नवे पात्र आणले आहे. एका कल्पित काव्यातील ओळी तो कंटाळा येईपर्यंत म्हणत असतो, आणि सेफिरॉथला त्याच्या जन्माविषयी टोचून बोलणाराही तोच. कारण बाहेरून आले की अपराध हलका होतो, आणि अपराध हलका झाला की शोकांतिकाही हलकी होते.

तात्पर्य, पूर्वकथा दोन प्रकारे लिहिता येते. एक प्रकार ठाऊक असलेल्या घटनेस खोली देतो. दुसरा प्रकार मूळ कर्त्याने जाणूनबुजून मोकळ्या ठेवलेल्या जागा नव्या पात्रांनी आणि नव्या कटांनी भरून टाकतो. या एकाच खेळात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदत आहेत. झॅकची कथा पहिल्या प्रकारची, जेनेसिसची दुसऱ्या प्रकारची. माझ्या मते पहिलीचे पारडे जड आहे, आणि ते जड करणारा शेवटचा अर्धा तास आहे.

हा विचार आपणास परका नाही, कारण असे खेळ आता महाराष्ट्रातही घडू लागले आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीने ‘राजी’ हा खेळ 2020 साली प्रथम निंटेंडो स्विचवर आणला. त्यात एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाचा शोध घेते, आणि तिची कथा दुर्गा व विष्णू सांगतात. उद्या आपलेच कोणी तरुण कर्णाचे बालपण अथवा एकलव्याची साधना अशा खेळात आणतील. शेवट सर्वांस ठाऊक असल्याची भीती त्यांनी बाळगू नये. भीती बाळगावी ती नवा माल्यवान शोधण्याच्या मोहाची.

आणि आपण आईबापांनी काय करावे? मुलाच्या हातातील यंत्र हिसकावण्यापूर्वी एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसावे आणि विचारावे, हा कोण, कोठे चालला आहे, आणि तू त्याला का चालवीत आहेस? उत्तर देता आले, तर तो खेळ वेळ खाणारा असला तरी पोकळ नाही असे समजावे. उत्तर देता आले नाही, तर यंत्र बाजूस ठेवण्याचे कारण मुलालाच सापडलेले असेल.