हरत्या संघाचे सोबती

असतील शिते तर जमतील भुते, ही म्हण आपल्याकडे संसारातील रोजच्या अनुभवावरून पडली आहे. पंगत उठली की मांडव ओस पडतो, अधिकार गेला की दारातील वहाणा कमी होतात, हे कोणालाही शिकवावे लागत नाही. या म्हणीला खोटे ठरविणारी माणसे पाहावयाची असतील, तर एका अनपेक्षित ठिकाणी जावे लागेल. ते ठिकाण म्हणजे फुटबॉलचे मैदान. आपला संघ आज हरला, मागच्या खेपेस हरला होता, पुढच्या खेपेसही बहुधा हरेल, हे ठाऊक असून पदरचे पैसे खर्चून, पावसात भिजत सामन्याला जाणारा मनुष्य व्यवहाराच्या कोणत्याच हिशेबात बसत नाही. त्याला वेडा ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु हजारो माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकच वेड जपत असतील, तर त्या वेडाच्या मुळाशी काय आहे हे पाहणे अगत्याचे ठरते.

कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबचा इतिहास या दृष्टीने मोठा बोलका आहे. या क्लबचा जन्मच मुळी डावलले जाण्यातून झाला. १९२० च्या जुलै महिन्यात जोडाबागान आणि मोहन बागान या दोन संघांचा सामना होता. जोडाबागान संघातून शैलेश बोस हा खेळाडू ऐनवेळी वगळण्यात आला. तो पूर्व बंगालचा, म्हणूनच त्याला वगळले, अशी समजूत पसरली. त्या क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याच्यासाठी रदबदली केली. ती कोणी मानली नाही, तेव्हा त्यांनी क्लब सोडला आणि १ ऑगस्ट १९२० रोजी समविचारी मंडळींसह नवा क्लब स्थापन केला. त्याला नाव दिले ते आपल्या मुलखाचे.

सत्तावीस वर्षांनी त्या नावाला एक वेगळाच अर्थ प्राप्त झाला. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. ज्या प्रांतावरून क्लबचे नाव पडले होते, तो परक्या राज्यात गेला. १९५५ मध्ये त्याला पूर्व पाकिस्तान म्हणू लागले, १९७१ मध्ये तो बांगलादेश झाला. पूर्व बंगाल हे नाव नकाशावरून पुसले गेले. ढाका, बारिसाल, मैमनसिंग या जिल्ह्यांतून घरदार टाकून लाखो माणसे सीमेच्या अलीकडे आली. कोणी निर्वासितांच्या वसाहतींत, कोणी स्टेशनच्या फलाटावर दिवस काढले. त्यांच्या बोलीचा हेल वेगळा, आणि ‘बांगाल’ या शब्दाने होणारी त्यांची ओळखही पुष्कळदा हेटाळणीची. अशा माणसांना मैदानावर तांबड्या-सोनेरी पोशाखातील अकरा खेळाडू दिसले, आणि त्यांच्या संघाच्या नावात आपला गमावलेला मुलूख ऐकू आला. घर परत मिळणार नव्हते, पण घराचे नाव आठवड्यातून एकदा मोठ्याने उच्चारता येत होते.

त्या काळी संघही नावाला शोभेसा खेळत होता. वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह या पाच आघाडीच्या खेळाडूंना लोक पंचपांडव म्हणत. १९४९ मध्ये कलकत्ता लीग आणि आय. एफ. ए. शील्ड यांच्या जोडीला मुंबईचा रोव्हर्स चषकही या संघाने जिंकला. १९५१ आणि १९५२ अशी लागोपाठ दोन वर्षे ड्युरँड चषक त्याच्याकडे होता. १९७० ते १९७५ अशी सलग सहा वर्षे त्याने कलकत्ता लीग जिंकली. संघ जिंकला की घरोघरी इलिश मासा शिजावयाचा, आणि प्रतिस्पर्धी मोहन बागान जिंकला की त्यांच्याकडे कोळंबी. बाजारातील भावसुद्धा सामन्याच्या निकालावर चढत-उतरत. अशा दिवसांत निष्ठावंत असण्यात विशेष काही नसते. निष्ठेची परीक्षा पुढे व्हावयाची होती.

ती परीक्षा एकविसाव्या शतकात झाली. राष्ट्रीय लीगचे अजिंक्यपद संघाने २००४ मध्ये मिळविले, पण त्यानंतर वर्षामागून वर्षे ते हुलकावणी देत राहिले. २०२० मध्ये, म्हणजे क्लबच्या शताब्दीच्याच वर्षी, संघ इंडियन सुपर लीगमध्ये दाखल झाला आणि अकरा संघांत नववा आला. साथीमुळे त्या वर्षीचे आणि पुढच्या वर्षीचे सामने गोव्यात रिकाम्या क्रीडांगणांवर झाले. सोबत करणे एवढेच ज्यांच्या हाती होते, त्यांना तेही करता आले नाही. २०२१-२२ च्या हंगामात वीस सामन्यांत अकरा पराभव आणि विजय अवघा एक, तोही गोव्याच्याच संघावर. तक्त्यात संघ सर्वांत शेवटी. सर्वांत झोंबणारी गोष्ट म्हणजे जानेवारी २०२० पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत मोहन बागानशी झालेले आठही सामने तो ओळीने हरला. ज्या मुलाने २०२० मध्ये शाळेत पाऊल टाकले, त्याने शेजारच्या बाकावरील मुलाची तीन वर्षे थट्टाच ऐकली असेल.

तरीही त्या मुलाने बाजू बदलली नाही, आणि त्याच्या बापानेही नाही. याचे कारण विजयाच्या आशेत शोधू गेल्यास हाती फारसे लागणार नाही. आशा असतेच, पण ती आठ पराभवांना पुरत नाही. कारण अधिक खोल आहे. मनुष्य आपला संघ दुकानातील मालाप्रमाणे पारखून घेत नाही. तो त्याला आजोबांच्या तोंडच्या गोष्टींतून, घरातील बोलीतून, ताटातील माशातून मिळतो. गावाकडचे घर पडके निघाले म्हणून कोणी शेजाऱ्याच्या वाड्याला आपले घर म्हणत नाही. ज्यांनी एकदा सगळा मुलूख गमावला आणि तरी त्याचे नाव सोडले नाही, त्यांच्या नातवंडांना सामना गमावणे जड जाते, पण नाव सोडण्याइतके जड जात नाही.

तथापि निष्ठा आणि अंधपणा यांतील सीमारेषा ओळखली पाहिजे. ती ओळखली नाही तर काय होते, हेही याच शहराने पाहिले आहे. १९७५ च्या शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला पाच गोलांनी हरविले, तेव्हा पराभूत संघाच्या एका तरुण चाहत्याने आपले जीवन संपविले. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्समध्ये याच दोन संघांच्या सामन्यात दंगल उसळली आणि सोळा प्रेक्षक प्राणास मुकले. खेळातील हार ही सोसावयाची गोष्ट आहे, प्राण देण्याची किंवा घेण्याची नव्हे. जी निष्ठा हे विसरते, ती संघाचेही हित करीत नाही.

त्याचप्रमाणे निष्ठा म्हणजे मुकाट्याने माना डोलावणेही नव्हे. जुलै २०२१ मध्ये गुंतवणूकदारांशी करावयाच्या करारावरून क्लबचे कामकाज अडले होते. तेव्हा शेकडो समर्थक क्लबच्या कचेरीसमोर जमले आणि त्यांनी आपल्याच पदाधिकाऱ्यांना जाब विचारला. पोलिसांच्या लाठ्या त्यांनी खाल्ल्या. क्लब सोडून जाणाऱ्याला भांडण्याचे कारणच उरत नाही. भांडतो तो घरचा मनुष्य. ऑगस्ट २०२४ मध्ये तर याहून निराळे दृश्य दिसले. एका तरुण डॉक्टर स्त्रीवरील अत्याचाराने आणि तिच्या हत्येने शहर हादरले होते. बंदोबस्ताच्या कारणावरून ईस्ट बंगाल-मोहन बागान सामना रद्द झाला, तेव्हा दोन्ही बाजूंचे समर्थक सॉल्ट लेकच्या क्रीडांगणाबाहेर न्यायाची मागणी करीत एकत्र उभे राहिले. आपल्या संघावर प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचा द्वेष करणे नव्हे, हे त्या दिवशी कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

निष्ठेचे फळ मिळते की नाही, असा प्रश्न कोणी विचारील. १२ ऑगस्ट २०२३ रोजी ड्युरँड चषकात नंदकुमारच्या एका गोलावर ईस्ट बंगालने अखेर मोहन बागानला हरविले. तीनच आठवड्यांनी त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने त्याची परतफेड केली. २८ जानेवारी २०२४ रोजी भुवनेश्वर येथे सुपर कपच्या अंतिम सामन्यात ओडिशा संघाने अगदी शेवटच्या क्षणी बरोबरी साधली होती, पण जादा वेळेत कर्णधार क्लेटन सिल्वाने गोल केला आणि बारा वर्षांनी राष्ट्रीय पातळीवरील चषक क्लबकडे आला. आनंदाला पारावार उरला नाही. आणि त्याच वर्षी पुढचा हंगाम सुरू झाला, तेव्हा लीगमधील पहिले सहाही सामने संघ हरला.

सातवा सामना ९ नोव्हेंबर २०२४ रोजी कोलकात्याच्याच मोहम्मेडन स्पोर्टिंगशी होता. अर्धा तास होतो न होतो तोच ईस्ट बंगालच्या दोन खेळाडूंना पंचांनी बाहेर काढले. अकरांपुढे नऊ उरले. उरलेला तासभर त्या नऊ जणांनी आपले गोलक्षेत्र राखले आणि सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला. हंगामातील तो पहिला गुण होता. विजय नव्हता, चषक तर नव्हताच. पण दोघे कमी असताना जागा न सोडणे म्हणजे काय, हे मैदानाबाहेरच्या त्या हजारोंना नवीन नव्हते. कित्येक वर्षे ते स्वतः तेच करीत आले होते.