तेल कुठून येतं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी आज गाडीच्या तेलगळतीवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. पोटगीचे, मारहाणीचे प्रश्न सोडून हे काय, असं वाटणं साहजिक आहे. पण मार खाल्लेल्या बाईला रात्री दवाखान्यात नेताना गाडी बंद पडली, तर आपलं काम रस्त्यातच थांबतं.

आमच्याकडे देणगीत मिळालेली मारुती ८०० आहे. २०१४ साली या गाडीचं उत्पादन थांबलं, म्हणजे आमची गाडी जुनीच. गेल्या पावसाळ्यात ती उभी राही तिथे तेलाचा डाग पडू लागला. गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, "इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून गळतंय. क्रँकचं सील गेलं. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." मी विचारलं, कशावरून? तर म्हणाले, "ताई, तुम्हाला नाही कळायचं. साहेबांना पाठवा."

आमच्या संस्थेत साहेब नाहीत. तलाठ्याकडे, पोलीस ठाण्यात, बँकेत हेच वाक्य आपण ऐकत आलोय. मी गाडी परत आणली आणि रिक्षा चालवणाऱ्या एका मैत्रिणीला बोलावलं. तिने पहिलीच गोष्ट सांगितली : तेल वरून खाली ओघळतं. थेंब पडतो तिथेच गळती असेल असं नाही. शोध वरून सुरू करायचा.

आधी तेलाची पट्टी पाहिली. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. पट्टी पुसायची, परत बुडवायची, मग बघायची. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. आमचं खालच्या खुणेला टेकलं होतं, ते भरलं. एक लक्षात ठेवा, समोरचा तांबडा दिवा तेलाचा दाब दाखवतो. चालत्या गाडीत तो लागला तर लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. दिवा लागेल तेव्हा बघू म्हणाल तर उशीर होतो.

मग थंड इंजिन डिझेल आणि ब्रशने धुतलं, चिंध्यांनी कोरडं केलं, वास जाईपर्यंत बॉनेट उघडं ठेवलं. जुन्या चिकट्यात नवी गळती दिसत नाही. नंतर दहा किलोमीटर गाडी फिरवून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या कडेतून, गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यात, ताज्या तेलाची रेघ उतरली होती. ती थेट त्या सांध्यापर्यंत पोचत होती.

कव्हर काढलं. खालचं रबरी पॅकिंग उष्णतेने कडक होऊन चिरलं होतं. दोन्ही कडा चिंधीने स्वच्छ पुसून नवं बसवलं. बोल्ट थोडेथोडे, सगळे सारखे आवळायचे. जोर लावला तर पॅकिंग चिरडतं आणि पुन्हा गळतं. कव्हरवरची हवेची नळीही पाहिली. ती काळ्या गाळाने तुंबली होती. ही नळी तुंबली की इंजिनात दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. ती साफ केली नसती तर नवं पॅकिंगही टिकलं नसतं.

रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी कोरडा होता.

मिस्त्री लबाड होते असं मी म्हणत नाही. त्यांनी खालून पाहिलं आणि मला उत्तर देण्याची गरज त्यांना वाटली नाही. कधी खरंच मागचं सील जातं. मग गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि त्या कष्टाची मजुरी द्यायलाच हवी. टायमिंग बेल्टच्या बाजूला तेल दिसलं तर गॅरेजला जायला वेळ लावू नका. तेलाने बेल्ट खराब होतो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. तो सरकला तर जीव जातो.

मात्र गॅरेजमध्ये "कशावरून?" हे विचारायचंच. "मला दाखवा" म्हणायचं.

संस्थेची गाडी अंगणात उभी आहे. चहानंतर बॉनेट उघडू. प्रत्येकीने तेलाची पट्टी स्वतःच्या हाताने काढून बघायची आहे. हात काळे होतील, साबण ठेवलाय.