एका माणसाचे दोन केसपेपर



बोनस आणि महागाईवर बोलणारा मनुष्य आज मनाच्या रोगावर काय बोलणार, असे आपल्याला वाटेल. परंतु रोगी कामगार रांगेत उभा राहतो तो पगार कापूनच. म्हणून हा विषय माझाही आहे.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा आपण सर्वांनी केलेली आहे. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध या रोगांवर वापरात आले, आणि पुढे पुष्कळ रोगी घरी राहू लागले. मोठी गोष्ट झाली. मात्र गोळी आपली किंमत शरीराकडून वसूल करते. ओलान्झापिनने भूक व वजन वाढते, रक्तातील साखर चढू शकते. लिथियम घेणाऱ्याचे मूत्रपिंड व थायरॉइड वेळोवेळी तपासावे लागतात. म्हणून कोणी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, दुखणे उलटते. तपासणी मात्र हवीच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, तीव्र मनोविकाराचे रोगी इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी मरतात, आणि बहुतेक मरतात ते हृदयासारख्या शरीराच्या रोगांनी.

मग हे शरीर पाहायचे कोणी? मनाचा डॉक्टर झोपेची चौकशी करतो आणि साखरेसाठी दुसऱ्या खिडकीवर धाडतो. तेथला डॉक्टर जुना कागद पाहतो, आणि छातीतली कळसुद्धा ‘मनाची’ ठरण्याचा धोका असतो! वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांतील रोजंदाराला एक रांग म्हणजे एक खाडा. दुसरी रांग, उपाशीपोटी रक्त, मग रिपोर्ट. तोवर ठेकेदाराने दुसरा माणूस उभा केलेला असतो. साहजिकच तो आधी तपासणी सोडतो, आणि कधी गोळीही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. त्याच्या एकविसाव्या कलमात मनोरुग्णाला इतर रुग्णांच्या बरोबरीची सेवा दिलेली आहे, रुग्णवाहिकेपासून विम्यापर्यंत. कायदा आपल्या बाजूचा आहे. पण किमान वेतनाचाही होता, आणि तो कारखान्यात आणायला आम्हांला काय करावे लागले ते आम्ही जाणतो.

मागणी लहान आहे. जेथे मनाची गोळी मिळते तेथेच, त्याच दिवशी, वजनकाटा, कमरेची टेप, रक्तदाबाचे यंत्र आणि साखरेची पट्टी असावी, आणि सारे एकाच केसपेपरवर लिहावे. तसेच रक्तदाबाच्या रांगेतल्या माणसाला ‘झोप लागते का?’ असे कोणीतरी विचारावे. यासाठी नवी इमारत लागत नाही. एक परिचारिका आणि एक टेबल लागते. भावाच्या, मुलीच्या गोळ्या आणायला जाल, तेव्हा खिडकीवर विचारा, वजन कोठे करायचे? उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या खेपेला चारजण मिळून विचारा.