पावतीची स्थळप्रत

विद्यापीठातल्या मुलामुलींनी गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी मंडळ काढलं, की पहिल्याच बैठकीत प्रश्न उभा राहतो: पैसे आणायचे कुठून? मग वर्गणी ठरते, माजी विद्यार्थ्यांना फोन जातात, दिवाळीआधी पणत्यांचं टेबल लागतं.

हा उत्साह मला फार मोलाचा वाटतो, म्हणूनच एक गोष्ट कळकळीने सांगते. नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच ही परवानगी. शिवाय विद्यापीठाच्या आवारात काही करायचं तर विद्यार्थी विकास विभागाला आधी विचारलेलं बरं.

आणि पावती! कँटीनबाहेरच्या चहावाल्या काकांनी दहा रुपये दिले, तरी पावती फाडायचीच. अनुक्रमांक, नाव, तारीख, रक्कम अंकी आणि अक्षरी, खाली सही. स्थळप्रत पुस्तकातच राहते. रोकड त्याच दिवशी मोजून दोघांच्या सह्यांच्या खात्यात भरावी. परीक्षा संपून जुने पदाधिकारी गावी परततात, तेव्हा जूनमध्ये येणाऱ्या नव्या खजिनदाराच्या हाती ही पुस्तकं आणि पासबुकच येतं.