लहरी जनतेच्या, वार्ता कोणाची?

(राजारामपुरी, कोल्हापूर येथील भाषण)

प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. तथापि २०११ च्या धोरणाने खासगी एफएम केंद्रांना आकाशवाणीच्याच बातम्या, जशाच्या तशा, देण्याची मुभा ठेवली. राजारामपुरीतील दुकानाची जाहिरात लहरींवरून घरोघरी पोहोचते. त्याच दुकानातील नोकरांच्या पगाराचा तंटा बातमी म्हणून पोहोचत नाही.

आता डिजिटल रेडिओ येऊ घातला आहे. एकाच लहरीवर अनेक वाहिन्या मावतील. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२५ मध्ये सुचविलेल्या १३ शहरांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर आहेत; १९६७ मध्ये विविध भारतीवर जाहिराती आल्या, त्याही प्रथम तेथेच. कोल्हापूरची पाळी येण्यापूर्वीच कार्यकर्त्यांनी मागणी करावी : एक वाहिनी जनतेच्या वार्तेसाठी राखून ठेवा!