काकांची विहीर आणि गोंडवनाचा शेवटचा तुकडा

आजचा एपिसोड दिग्रसहून. स्टुडिओ वगैरे काही नाही, काकांच्या शेतात विहिरीच्या काठावर बसून रेकॉर्ड करतोय. मधेच मोटारीचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

गेल्या उन्हाळ्यात या शेतात बोअर मारला. पाणाड्या आला, तळहातावर नारळ ठेवून धुऱ्यानं फिरला, एका जागी नारळ उभा राहिला, तिथं खूण केली. साडेतीनशे फूट गेलो. वर आली ती नुसती काळी भुकटी. पैसे गेले, पाणी नाही. संध्याकाळी काकांनी त्या भुकटीची मूठ माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "तू दगडायचंच शिकून राहिला ना बे? मंग सांग, या गोट्यात हाय तरी काय?"

तेव्हा मी गप्प बसलो. आज उत्तर देतो.

आधी विहिरीत डोकावू. वर काळी माती, खाली मुरूम. मग मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा, पांढरे खडे भरलेला नरम दगड. त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. मग विटेसारखा लाल पट्टा, आणि त्याखाली परत मांजऱ्या. हे थर म्हणजे लाव्हाचे लोट. लोट थंड होताना वायू वर चढतो, म्हणून वरचा भाग भोकाभोकांचा आणि खालचा घट्ट. दोन लोटांच्या मधे बराच काळ गेला तर वरच्या दगडाची झीज होऊन माती बनते. तोच हा लाल पट्टा. हे सगळं घडलं सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर संपले त्या सुमारास.

आता खरा प्रश्न. हा लाव्हा इथं ओतला गेला तेव्हा दिग्रस कुठं होतं?

हसू नका. तुमच्या फोनमध्ये होकायंत्र आहे ना, त्याच तत्त्वावर याचं उत्तर मिळतं. चुंबकाची सुई मोकळी टांगली तर ती फक्त उत्तर दाखवत नाही, खाली-वर झुकतेही. विषुववृत्ताजवळ ती जवळपास आडवी राहते, ध्रुवाकडे जावं तशी उभी होत जाते. लाव्हामध्ये मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. दगड साधारण ५८० अंश सेल्सिअसच्या खाली थंड झाला की त्या वेळची चुंबकीय दिशा त्या कणांमध्ये पक्की होते. म्हणजे काळ्या पाषाणात कोट्यवधी बारीक सुया आहेत, आणि त्या अजून जुनाच पत्ता सांगताहेत.

हा पत्ता वाचायचं काम १९५०च्या दशकात झालं. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात ब्लॅकेट यांच्या गटातल्या जॉन क्लेग आणि सहकाऱ्यांनी दख्खनचे दगड तपासले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे हेही याच कामात होते. दगडातला कोन आजच्या जागेशी जुळेना. तो जुळत होता विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण ३० अंशांवर! दिग्रस आज २० अंश उत्तरेला आहे. म्हणजे ५० अंशांचा प्रवास, पाच हजार किलोमीटरहून जास्त. वर्षाला सरासरी आठ सेंटीमीटर. खंड सरकतात यावर तेव्हा कित्येक शास्त्रज्ञांचा विश्वासच नव्हता. दख्खनच्या दगडांनी त्यांना विचार करायला लावलं.

बरं, दक्षिणेला आपण एकटे होतो का? नाही. त्याचे पुरावे दिग्रसला नाहीत, कारण इथं सगळं लाव्हाखाली झाकलंय. त्यासाठी आपल्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वणीला जावं लागतं. तिथला कोळसा सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचा. त्यातलं मुख्य झाड ग्लॉसोप्टेरिस, पान जिभेसारखं. १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार दक्षिण ध्रुवावरून परतताना उपाशी, थंडीनं गारठून मेले. त्यांच्याजवळ सुमारे १६ किलो दगड सापडले. शेवटपर्यंत ओढत आणले होते, टाकले नाहीत. त्या दगडांत हेच ग्लॉसोप्टेरिसचं पान होतं. वणीतलं पान अंटार्क्टिकात! आणि त्याही आधीच्या काळातली खूण पैनगंगेच्या काठी इरईजवळ मिळाली. तिथल्या चुनखडीवर हिमनदीनं ओढलेले ओरखडे आहेत. मे महिन्यात चटके बसणाऱ्या आपल्या भागात एकेकाळी बर्फ होता.

भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका मिळून जो महाखंड होता, त्याला जगभर गोंडवाना म्हणतात. १८७०च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी हे नाव इथल्या खडकांना दिलं. एड्वार्ड झ्यूस यांनी १८८५ मध्ये ते सगळ्या खंडासाठी वापरलं. नाव आलं गोंडांच्या मुलखावरून. आपल्या जिल्ह्यातल्या गोंड पोरांनी शाळेत हे ऐकलेलं असायला हवं ना?

मग हा खंड फुटला कसा, हे कसं कळतं? समुद्राच्या तळावरून. दोन तुकडे दूर जातात तेव्हा मधल्या भेगेतून नवा लाव्हा येतो आणि तळ बनतो. पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटतं, त्यामुळे तळावर सुलट-उलट पट्टे उमटतात. ते मोजायचे आणि नव्याकडून जुन्याकडे एकेक पट्टा पुसत जायचं. समुद्र मिटत जातो आणि किनारे एकमेकांना येऊन भिडतात. त्यातून क्रम लागतो. साधारण १८ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या बाजूनं फाटायला सुरुवात. १३ कोटींच्या सुमारास अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियाची साथ सुटली, ९ कोटींच्या सुमारास मादागास्करची. आणि सगळ्यात शेवटी, सुमारे ६.३ कोटींच्या सुमारास, सेशेल्स. म्हणजे दख्खनचा लाव्हा थंड झाल्यावर थोड्याच काळानं.

तर काका, त्या गोट्यात हे हाय. गोंडवनाचा शेवटचा तुकडा आपल्यापासून सुटायच्या बेतात होता, तेव्हाचा हा दगड आहे. आणि पाणी का लागलं नाही, तेही त्यातच आहे. पाणी साठतं झिजलेल्या मांजऱ्यात आणि भेगांत. घट्ट पाषाणात साठायला जागाच नाही. नारळाला थर दिसत नाहीत. भूजल सर्वेक्षणवाल्यांना आधी विचारलं असतं, शेजारच्या विहिरींचे थर पाहिले असते, तर निदान अंदाज आला असता. काका हे ऐकून थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे पुढच्या वक्ताले नारळ फोडून खाऊ."

तुमच्या गावच्या विहिरीत कोणते थर दिसतात? फोटो काढून पाठवा. लाल पट्टा दिसला तर नक्की पाठवा. पण काठावरून काढा बरं, आत वाकू नका! भेटू पुढच्या एपिसोडला.